मुनीरभाई, तुमचा डबा अजून चालू आहे

मुनीरभाई, आधी बातमी सांगते, मग रडायचं ते रडू.

परवा दुपारी पुण्याहून वर्षाचा फोन आला. तिच्या प्रयोगशाळेत ज्या परदेशी लेसरची एवढी वाट बघत होते, तो अखेर येऊन पोचला. चकचकीत खोकं, जाडजूड पुस्तिका, सगळं साग्रसंगीत. त्यांनी तो टेबलावर मांडला, दोन दिवस चालवून पाहिला आणि पुन्हा खोक्यात घालून कपाटात ठेवला. "आपलाच चालू ठेवलाय गं," वर्षा म्हणाली. 'आपला' हा शब्द तिचा, माझा नाही. म्हणजे जालन्यात बनलेला, तुमच्या हातच्या, करंट पुरवणाऱ्या राखाडी डब्यावर चालणारा लेसर आत्ता, मी हे लिहितेय तेव्हाही, पुण्यात अणू थंड करायच्या कामाला जुंपलेला आहे.

मी स्टाफरूममध्ये ओरडलेच. सगळे वळून बघायला लागले. आणि त्याच झपाट्यात मी तुमचा नंबर लावला. दोन रिंग वाजल्यावर लक्षात आलं, तुम्ही जाऊन अठरा दिवस झालेत. फोन ठेवणार तेवढ्यात रजियाभाभींनी उचलला. आता ठेवणार कसा? मग बातमी त्यांनाच सांगितली. त्या म्हणाल्या, "फोन पे नको मॅडम. घर आ के बताओ. पूरा बताओ."

पूरा सांगायचं तर पहिल्या दिवसापासून सांगावं लागेल.

तेव्हा मला कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायला लागून दहा वर्षं झाली होती. वर्षा आणि मी एम.एस्सी.ला एका खोलीत राहायचो. ती संशोधनात गेली, मी जालन्याला परत आले. मुलांना अणूच्या रेषा फळ्यावर काढून दाखवायच्या, दरवर्षी त्याच रेषा, त्याच खडूनं. एकदा तरी त्या खऱ्या बघायच्या होत्या, स्वतः बनवलेल्या लेसरनं. वर्षानं मला दोन लेसर डायोड, एक आरशासारखी बारीक रेघांची पट्टी आणि रुबिडियम धातूची वाफ भरलेली अंगठ्याएवढी काचेची नळी दिली. ते घेऊन मी वर्षभर नुसती बसून होते. कारण डायोडला लागणारा करंट इतका शांत हवा की सांगता सोय नाही, आणि आमच्या प्रयोगशाळेतल्या पॉवर सप्लायचा करंट म्हणजे आठवडी बाजार.

पत्ता दिला माझ्या वडिलांनी. "गावातच, मस्तगडला मुनीरभाईकडं जा," ते म्हणाले. "केदारखेड्याच्या आपल्या विहारातला अँप्लिफायर त्यानंच आजवर जिवंत ठेवलाय."

तुमच्या दुकानात तेव्हा एका जिनिंगवाल्याचा भलामोठा स्टॅबिलायझर पोट उघडून पडला होता. मी दारातूनच म्हणाले, "मला लेसर स्थिर करायचाय."

"काय करायचाय?"

"स्टॅबिलाइज."

तुम्ही सोल्डरिंग आयर्न खाली ठेवलं, चष्मा कपाळावर ढकलला आणि म्हणालात, "मंग बराबर दुकानात आल्या मॅडम. इथं दुसरं काय बनतं?"

मला राग आला होता, खरं सांगते. वाटलं, हा माणूस माझी थट्टा करतोय. तरी चिकाटीनं सांगितलं: लेसरचा रंग जरा गरम झालं की सरकतो, करंट जरा हलला की सरकतो, आणि मला तो एकाच जागी उभा करायचाय. तुम्ही ऐकून घेतलं आणि तीन प्रश्न विचारलेत. हलतो किती? किती हललेला चालतो? आणि हलला ते कळतं कसं?

तिसऱ्या प्रश्नाला मी खुर्चीवर बसले. बरोबर तोच प्रश्न होता, मुनीरभाई. सगळं शास्त्र त्या एका प्रश्नात आहे.

"अणू सांगतो," मी म्हणाले. "रुबिडियमचा अणू एकच ठरावीक रंग पितो. लेसर त्या रंगावर असला तर नळीच्या पलीकडं येणारा उजेड कमी होतो. थोडा इकडंतिकडं झाला की उजेड आरपार जातो."

"म्हंजे अणू हाच मीटर."

"हो."

"आन् मीटर बिघडला तर?"

"तो बिघडत नाही. जालन्यातला अणू आणि जपानातला अणू, अगदी सारखा. आजचा आणि हजार वर्षांपूर्वीचाही."

तुम्ही खुर्ची पुढं ओढलीत. "तीस वर्षं झाले मॅडम, मी मीटर दुरुस्त करून राह्यलो. न बिघडणारा मीटर पयल्यांदा ऐकला. हे काम मी करतो."

मग तुम्ही जिनिंगवाल्याच्या स्टॅबिलायझरमधली मोटर मला फिरवून दाखवलीत. व्होल्टेज वाढलं की ती एकीकडं फिरते, कमी झालं की दुसरीकडं, आणि घोडं जागेवर आणते. "तुमचं बी हेच हाय. फक्त मोटर न्हाई, आन् घाई लई." जे मी मुलांना दोन तास घालवून शिकवते ते तुम्ही एका हाताच्या वळणात सांगितलंत. त्या दिवशी मी घरी जाताना रिक्षात एकटीच हसत होते.

पुढचं वर्ष माझ्या आयुष्यातलं सगळ्यात धांदलीचं आणि सगळ्यात सुखाचं. शनिवारी दुपारी कॉलेज सुटलं की तुम्ही पिशवीत करंटचा तो अर्धवट डबा घेऊन यायचात. तो पहिला उजेड आठवतो? आपल्या लेसरचा रंग डोळ्याला जेमतेम दिसणारा, विझत आलेल्या निखाऱ्यासारखा. नळीत काही होतंय की नाही हेच कळेना. तुम्ही म्हणालात, "माझ्या दुकानातला जुना सीसीटीव्ही कॅमेरा आणू का? त्याला आपल्याहून जास्त दिसतं." आणलात. जोडलात. मी लेसरच्या पुढची पट्टी केसभर वळवत होते, तुम्ही करंटचं बटण फिरवत होतात. आणि एकदम काळ्या पडद्यावर नळीच्या आतून, अणूंनी पिऊन परत टाकलेल्या उजेडाची एक पांढरीशुभ्र रेघ पेटली.

"आली!" तुम्ही ओरडलात. बटण जरा पुढं गेलं. "गेली! आली! अरे गेली!" लहान पोरासारखे तुम्ही ते बटण मागंपुढं करत होतात. मी म्हणाले, अहो, मला पण फिरवू द्या. तर तुम्ही हात बाजूला करेनातच. तेवढ्यात भाभींना व्हिडिओ कॉल लावलात. "देख, देख, ये अणू चमक रहे!" भाभींनी शांतपणे विचारलं, "खाना खाये क्या?"

मग ट्रकांचं प्रकरण. कॉलेजसमोरच्या रस्त्यावरून सळयांचा ट्रक गेला की टेबल थरथरायचं आणि लेसर आपली रेष सोडून उडी मारायचा. आठवडाभर आपण वैतागलो. एका शनिवारी तुम्ही हातगाडीवर कडप्प्याची फरशी आणि स्कूटरच्या चार जुन्या ट्यूब घेऊन आलात. ट्यूबमध्ये अर्धवट हवा, वर फरशी, फरशीवर लेसर. पुढचा ट्रक कधी येतो याची वाट बघत आपण दोघं खिडकीत उभे. आला, धडधडत गेला. पडद्यावरची रेष हलली नाही. मी टाळ्या वाजवल्या, आणि तुम्ही त्या ट्रकवाल्याला खिडकीतून सलाम केलात. त्यानं बिचाऱ्यानं गोंधळून परत केला.

आता एक गोष्ट सांगायची आहे, जी मी तुम्हाला कधी सांगितली नाही.

पहिला डायोड मेला, तो तुमच्यामुळं नाही. माझ्यामुळं.

तुम्ही मला मनगटावर बांधायचा पट्टा दिला होता. त्याची तार अर्थिंगला जोडलेली, म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाईल. डायोड हातात घेताना तो पट्टा काढायचा नाही, असं तुम्ही दहा वेळा बजावलं होतं. उन्हाळ्याचे दिवस, हवा कोरडीठाक, माझी साडी सिंथेटिक. तासाची घंटा झाली म्हणून मी पट्टा सोडला, दारापर्यंत गेले, आणि आठवलं की डायोडचं झाकण उघडंच राहिलंय. परत आले आणि तसाच हात लावला. बोटाला 'चट्' झालं. एवढंसंच. त्यानंतर तो डायोड पेटायचा, पण लेसर म्हणून नाही. नुसता मिणमिणता दिवा झाला होता.

तुम्ही आलात तेव्हा मी काय म्हणाले? "मुनीरभाई, बहुतेक तुमच्या डब्यातल्या ड्रायव्हरमधून झटका आला असावा." माझ्या तोंडून ते इतकं सहज निघालं की माझं मलाच नवल वाटलं. तुम्ही डायोड उजेडाकडं धरून बघितलात, बराच वेळ. मग म्हणालात, "माफ करा मॅडम. माझ्या हातून तुमची चीज गेली."

आणि मी मान हलवली.

आठ दिवस तुम्ही दुकानातली सगळी कामं बाजूला ठेवून तो झटका शोधत बसलात. जो नव्हताच. गंमत म्हणजे शोधता शोधता तुम्हाला दुसरा एक सापडला. कॅन्टीनचा फ्रिज सुरू होताना लाइनमधून एक बारीक टोचणी यायची. तुम्ही ती बंद केलीत. करंट एकदम न चढता हळूहळू चढेल अशी व्यवस्था केलीत. लाइट गेली तर डायोड आपोआप सुरक्षित होईल असा रिले बसवलात. तुमचा डबा आज पुण्यात नव्या लेसरच्या नाकावर टिच्चून चालतोय, तो त्या आठ दिवसांच्या कामामुळं. म्हणजे माझ्या खोटेपणातून चांगलंच निघालं, असं मी स्वतःला पुष्कळदा समजावलं. ते समजावणं टिकत नाही. तुम्ही माझी माफी मागितली होती, मुनीरभाई, आणि मी ती घेतली होती.

पण एक विचारू? दुसरा डायोड बसवायला आलात तेव्हा तुम्ही पट्ट्याची तार बदललीत. आधी हातभर होती. नवीन तार टेबलापासून थेट दारापर्यंत पोचायची. मी विचारलं, एवढी लांब कशाला? तुम्ही स्क्रू आवळता आवळता म्हणालात, "घंटी झाली तरी काढायची गरज न्हाई."

तुम्हाला माहीत होतं ना?

विचारायचं धाडस मला झालं नाही, आणि तुम्ही तो विषय पुन्हा काढला नाहीत. मी आजही ती तार मनगटाला बांधून दारापर्यंत जाते, आणि दरवेळी कान गरम होतात.

मग तो दिवस, लेसर पहिल्यांदा 'लॉक' झाला, अणूच्या रंगावर अडकून बसला, तो. तुमचा डबा आणि अणूचा मीटर जोडलेले, मी स्विच टाकला, आणि पडद्यावरची डुलणारी रेघ एकदम ताठ झाली. कुणी खांद्यावर हात ठेवून बसवावं तशी. आपण घड्याळ बघत बसलो. पाच मिनिटं. दहा. खोलीतला दिवा मंद झाला, परत उजळला, रेघ हलली नाही. आनंदाच्या भरात मी गेनचं बटण वर नेलं, अजून घट्ट धरू म्हणून. गेन म्हणजे रंग जरा सरकला तर डब्यानं किती जोरात ओढायचं ते. तुम्ही कान टवकारलेत आणि लेसरपाशी डोकं नेलंत.

"शिट्टी वाजवून राह्यला."

मला काही ऐकू येत नव्हतं. मी पण कान लावला. खरंच, आतून बारीक चिलटासारखी शिट्टी. घट्ट धरण्याच्या नादात डबा लेसरला हलवायला लागला होता.

"लई घट्ट धरू नका मॅडम. थोडं ढिलं सोडा. धक्का बसला तर झुकल, पण माघारी यील."

"ढिलं सोडलं तर रेष जाड होते, मुनीरभाई. मला बारीक हवी."

"बारीक पाह्यजे का टिकाऊ पाह्यजे?"

"दोन्ही!"

हे भांडण आपण तेव्हापासून भांडत आलो. शिट्टी सुरू होते त्याच्या जरा अलीकडं मी बटण ठेवायची. तुम्ही आलात की गुपचूप निम्म्यावर आणायचात. मी गेल्यावर तुम्ही, तुम्ही गेल्यावर मी.

आणि मग पुणं. वर्षाच्या प्रयोगशाळेतला एक लेसर बंद पडला आणि नवा परदेशातून यायला कित्येक महिने लागणार, असं तिनं फोनवर सहज सांगितलं. मी म्हणाले, आमचा घेऊन येते. ती हसली. मग थांबली. मग म्हणाली, "ये."

सकाळच्या गाडीनं निघालो. लेसर गोधडीत गुंडाळून माझ्या मांडीवर, डबा तुमच्या. मला जागचं हलताही येत नव्हतं. समोरच्या बाईंनी शेवटी विचारलंच, "लोणचं हाय का, ताई? सांडतं का?" तुम्ही गंभीरपणे म्हणालात, "उजेड आहे बाई. तो बी सांडतो."

तिथले प्रमुख सभ्य होते, पण बोलायचं ते बोलले: "दहा मिनिटं टिकला तरी पुष्कळ." वर्षानं तुम्हाला समजावलं. सहा बाजूंनी लेसर मारून ते अणूंचा वेग काढून घेतात. धावणारे अणू जवळजवळ उभे राहतात, आणि अणू उभे राहिले म्हणजेच थंड झाले. पण मधूनच एखादा अणू चुकीच्या पातळीवर पडतो, मोठ्या लेसरला तो दिसेनासा होतो. त्याला उचलून परत आणायला दुसरा छोटा लेसर लागतो. तो नसला तर क्षणात सगळे अणू हातचे जातात. बंद पडला होता तो हा छोटा.

"म्हंजे काम लहान, पण त्याच्याबिगर दुकान बंद," तुम्ही म्हणालात.

"अगदी बरोबर, काका," वर्षा म्हणाली.

जुळवायला दुपार गेली. मग वर्षा म्हणाली, "सोडा." तुम्ही स्विच टाकलात. काळ्या पडद्याच्या मधोमध, हवेत, कशालाही न टेकलेला, ज्वारीच्या दाण्याएवढा एक पांढरा ठिपका उगवला.

तुम्ही पडद्याला नाक लावलंत.

"हे थंड हाय?" तुम्ही हळूच विचारलंत.

"बर्फ म्हणजे यांच्यापुढं भट्टी आहे," वर्षा म्हणाली. "याच्याइतकं थंड निसर्गात कुठंच नाही."

तुम्ही स्विच बंद केलात. ठिपका गेला. चालू केलात. आला. बंद. चालू. पाचव्यांदा तुमचा हात स्विचकडं गेला तेव्हा प्रमुख पुढं आले. मला वाटलं, आता रागावतात. त्यांनी एक स्टूल ओढून तुमच्या मागं ठेवलं. "बसून करा," ते म्हणाले. मग वाकून डबा बघत त्यांनी विचारलं, "हे सर्किट कुठून मागवलंत?"

तुम्ही वर न बघता सांगितलंत, "मस्तगडहून."

दहा मिनिटांचं म्हणत होते, आपण निघेपर्यंत त्याला चार तास झाले होते आणि तो चालूच होता. गेन कितीवर होता ते मी बघितलं नाही. बघायची भीती वाटली. तो लेसर आणि डबा तिथंच ठेवून आलो, आणि वर्षानं दिलेल्या नव्या डायोडवर कॉलेजात तसाच दुसरा लेसर, दुसरा डबा उभा करून भांडण पुढं चालू ठेवलं.

तुमच्या आजारपणात दवाखान्यात मी शेवटचं भेटायला आले तेव्हा तुमच्या तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क नर्सनं घटकाभर काढला होता. मी तब्येतीचं विचारत होते, तुम्ही हातानं बटण फिरवल्यासारखं केलंत. "कमी केला का?"

"नाही," मी म्हणाले.

"ऐकत न्हाई ही बाई," तुम्ही भाभींना म्हणालात, आणि डोळे मिटून हसलात. आपलं एवढंच बोलणं झालं. मी तेव्हा 'केला' म्हणाले असते तर तुम्हाला बरं वाटलं असतं का? मला नाही वाटत. भांडण सोडून दिलेली मी तुम्हाला आवडले नसते. गेल्या आठवड्यात मी दोन्ही तऱ्हांनी मोजून पाहिलं. माझ्या बटणावर रेष बारीक येते. तुमच्या बटणावर लॉक सुटत नाही. घ्या. यातून कुणी काय शिकायचं ते शिकावं, मी हरले असं मी म्हणणार नाही.

काल मी तुमच्या घरी गेले. भाभींची तुमच्यामागची इद्दत चालू आहे, त्या बाहेर पडत नाहीत. वरच्या खोलीत, जिथं त्या तुमच्या स्टॅबिलायझरच्या कॉइल गुंडाळायच्या, तिथंच बसलो. मी सगळं सांगितलं, पुण्याच्या कपाटापासून. त्यांनी मध्ये एकही प्रश्न विचारला नाही. संपल्यावर म्हणाल्या, "फिर हमारा वाला कब?"

मला आधी कळलंच नाही. मग त्यांनी वायंडिंगच्या यंत्रावरचं फडकं काढलं. तुम्ही मला न सांगता काय चालवलं होतंत, ते मला काल समजलं. अणूंना हवेत एका जागी धरायला लेसरांसोबत दोन चुंबकी कॉइल लागतात, हे तुम्ही पुण्यात वर्षाकडून काढून घेतलं होतंत. घरी येऊन भाभींना सांगितलंत: आपण जालन्यात करायचं. एक कॉइल पुरी झाली होती, तांब्याची, थाळीएवढी, एकही वेढा वाकडा नाही. दुसरी यंत्रावर अर्धी. वेढे मोजणारा काउंटर एकशे बारावर थांबलेला.

"किसी को हाथ लगाने नहीं दी," भाभी म्हणाल्या. "गिनती चूक जाती."

"भाभी, जालन्यात हे होईल का, मला माहीत नाही. व्हॅक्यूमचा पंप लागतो, लाइट जाते..."

"मॅडम, वो मेरेकू मत बोलो. इतना बोलो, दूसरी वाली सीधी गुंडाळनी के उलटी?"

"सारखीच," मी म्हणाले. "वीज उलटी सोडू. कॉइल दोन्ही सारख्याच."

त्यांनी मान हलवली, ओढणी मागं सारली आणि तारेचं रीळ माझ्या हातात दिलं. "घट्ट पकडो. ढीला नको."

मी रीळ धरलं. भाभींनी हँडल फिरवलं. तार माझ्या बोटांमधून सरकायला लागली, गरम, जिवंत. काउंटर खट्कन पुढं गेला.

"एक सौ तेरा," भाभी म्हणाल्या.